फ्लूच्या लशीनंतर जीबीएस : भरपाई कुठे मागायची? (सांगली)

मिरजेचा_पुतण्या
चुलते, वय 58, वजन 70 किलो. गेल्या जूनमध्ये सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात फ्लूची लस घेतली. सतराव्या दिवशी तळपायांना मुंग्या, पुढच्या तीन दिवसांत खुर्चीतून उठता येईना. जीबीएसचं (गुलेन बॅरी सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते) निदान झालं, पाच दिवस आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची अँटिबॉडीजची इंजेक्शनं) दिलं. आता वॉकरवर चालतात. डिस्चार्ज कार्डावर ‘पोस्ट व्हॅक्सिनल’ (लशीनंतरचा) आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. लशीच्या पावतीवर नुसतं ‘इंजेक्शन चार्जेस’. अमेरिकेत सरकार भरपाई देतं म्हणे. आपल्याकडे काय?

सातारा_कोर्ट
फ्लूच्या लशीसाठी आपल्याकडे तशी योजना नाही. पण लस पैसे मोजून घेतलीय, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगातच करता येते. मुदत दोन वर्षं. ती पहिल्या मुंग्यांच्या तारखेपासून धरा, डिस्चार्जपासून नको. आयोग कोणत्या पातळीचा आणि फी किती, हे ठरतं ते लशीला मोजलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत फी शून्य. तेव्हा फीच्या धास्तीनं मागणी कमी करू नका.

खरी अडचण पुढे आहे. ‘लशीमुळे झालं’ एवढ्यावर केस टिकत नाही. कंपनीविरुद्ध कलम 84 खाली उत्पादनातला दोष किंवा अपुरी सूचना दाखवावी लागते. फ्लू लशींच्या माहितीपत्रकात जीबीएसचा उल्लेख असतो; आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायच्या वस्तूची सूचना तज्ज्ञापर्यंत पोचवली असेल, तर कलम 87 कंपनीला सोडवतं. उरतो दवाखाना. आधीच्या फ्लू लशीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झाला होता का, हे विचारलं का? धोका सांगून संमती घेतली का? भर इथे द्या. फ्रीज बंद होता वगैरे आरोप घालू नका. त्यानं लस निकामी होते, जीबीएस होत नाही.

आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या : लशीचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, रजिस्टरची नोंद, संमतीपत्र. मागितल्यापासून 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

नसांचा_डॉक्टर
समोरचा वकील पहिल्यांदा जुलाबाचं विचारणार. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या जुलाबानंतर जीबीएस होतो. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता भागात रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता. लशीमुळे वाढणारा धोका दहा लाख डोसांमागे एक-दोन रुग्णांचा. म्हणून आजाराच्या आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब, सर्दी-ताप नव्हता हे दाखवणारे कागद गोळा करा : ओपीडीचे केसपेपर, शौचतपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट. एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगानं जातो याची तपासणी) आणि पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट हवाच. पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी नॉर्मल असतात. पण पहिल्या आठवड्यातला पाण्याचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला तरी निदान खोटं ठरत नाही.

आयव्हीआयजीचा डोस किलोमागे 2 ग्रॅम, म्हणजे 140 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 28 बाटल्या. बिलातल्या बाटल्या मोजून बघा, खर्चाचा मोठा आकडा तोच आहे.

लसीकरणानंतरच्या विपरीत घटनेची नोंद झाली नसेल तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा माता व बालसंगोपन अधिकाऱ्यांकडे लेखी कळवा. खासगी लसही यात येते. अशा घटनांची कारणं तपासणाऱ्या सरकारी समितीचा निष्कर्ष बहुधा ‘बी-1’ येईल : वेळ जुळते, पुरावा अपुरा. त्यानं खचू नका, वेळ जुळल्याची सरकारी नोंद हाती राहते.

कराड_ते_न्यूजर्सी
अमेरिकेची योजना तिथे दिलेल्या लशींसाठी आहे, सांगलीतल्या डोसाला लागू नाही. तिथे 2017 पासून फ्लू लशीनंतर 3 ते 42 दिवसांत सुरू झालेला जीबीएस भरपाईच्या यादीत आहे. तुमचा सतरावा दिवस त्यात बसतो, हे तज्ज्ञाच्या मतात लिहून घ्या.

मिरजेचा_पुतण्या
आभार सगळ्यांचे. गंभीर आजाराची विमा पॉलिसीही आहे, लकव्याचं कलम आहे.

सातारा_कोर्ट
त्या कलमाची व्याख्या वाचा. ‘मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आजारामुळे’ असं असेल तर जीबीएस बसत नाही, तो बाहेरच्या नसांचा आजार. दवाखान्यात भरती झाल्याचा मेडिक्लेम मात्र वेगळा. तो नाकारला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा.