कबड्डीच्या मॅचला पब्लिक एका सुरात गाईल असं गाणं सुचवा

पार्कचौपाटी: मंडळी, सल्ला पाहिजे. आमच्या तालमीची कबड्डी स्पर्धा आहे, रात्री लाइटवर. पब्लिक दाबून येतं, पण आवाज फक्त डीजेचा. गेल्या वर्षी ऐन रंगात 'झिंगाट' लावलं तर सगळे उठून नाचायलेत, निम्मे मोबाईल काढून शूटिंग करायलेत, गायला कुणीच नाही. लिव्हरपूलच्या फुटबॉल मॅचला अख्खं स्टेडियम गातं बघा, तसं काहीतरी पाहिजे. मराठी, हिंदी, काहीही चालेल.

हलगीसम्राट: झिंगाट नाचायचं गाणं आहे बे, गायचं नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या नागराज अण्णांचा पिक्चर म्हणून अभिमान आहेच, पण त्या वेगात शब्द कोण म्हणणार? सरळ 'चक दे इंडिया' लाव. 2007 च्या ऑगस्टात पिक्चर आला, सप्टेंबरात धोनीच्या टीमनं टी-20 वर्ल्ड कप आणला. तेव्हापासून ते मॅचला चिकटलंय.

कडकभाकरी: चक देमध्ये पण पब्लिक तेवढे तीनच शब्द म्हणतं, बाकी सगळं सुखविंदर सिंगवर सोडतं. आणि तेवढंच पुरतं, हीच तर गंमत आहे.

लिव्हरपूलचं उदाहरण दिलंस म्हणून सांगतो. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे मुळात 1945 च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं गाणं. फुटबॉलशी काडीचा संबंध नाही. 1963 मध्ये गेरी अँड द पेसमेकर्स या लिव्हरपूलच्याच पोरांनी ते गायलं आणि ते इंग्लंडात एक नंबरला गेलं. तेव्हा तिथल्या मैदानावर मॅचआधी गाजणारी गाणी स्पीकरवर लावायचे. बाकीची आली आणि गेली, हे मात्र पब्लिकनं सोडलं नाही. गाणं संथ, ओळी लांब, गावातल्या पोरांचं. कमिटीनं ठराव करून काही ते झालं नाही.

दुसरा किस्सा तुझ्या जास्त कामाचा. 1977 मध्ये इंग्लंडात क्वीन बँडचा कार्यक्रम संपला आणि पब्लिकनं बँडलाच हे लिव्हरपूलचं गाणं म्हणून दाखवलं. गिटारवाला ब्रायन मे विचारात पडला. एवढ्या दाटीत उभ्या माणसाला करता काय येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, एखादी ओळ ओरडता येईल. त्यातून 'वी विल रॉक यू' झालं. दोनदा पाय, एक टाळी, मग मोकळी जागा. बहुतेक गाण्यात वाद्यं पण नाहीत, गिटार येते ती शेवटी. असलं काहीतरी शोध.

विजापूरवेस: शब्दच नकोत असं म्हणतो मी. 'सेव्हन नेशन आर्मी' बघा, व्हाइट स्ट्राइप्स बँडचं, 2003 चं. बेल्जियमच्या ब्रूज क्लबच्या लोकांनी त्याची सुरुवातीची धून मिलानमध्ये मॅचला उचलली, त्यांच्याकडून इटलीतल्या रोमा क्लबवाल्यांनी आणि 2006 चा वर्ल्ड कप जिंकताना सगळ्या इटलीनं. नुसतं 'ओ, ओ ओ ओ ओ ओ'. आपल्याकडं तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे शेजारी शेजारी बसतात. 'ओ ओ' सगळ्यांना येतं.

शेंगाचटणी: एवढं लांब कशाला जाता? गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वज निघाले की 'बोला हर्र' होतं, तेव्हा अंगावर काटा येतो की नाही? तेच घ्या.

कडकभाकरी: नको. सिद्धरामेश्वरांचा जयघोष आहे तो, पॉइंट गेला म्हणून ओरडायचा नाही. समोरची टीम पण सोलापूरचीच असेल, ती पण तेच म्हणेल, मग काय करणार? त्याची रीत मात्र घ्या. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी एकाच शब्दात उत्तर द्यायचं.

माजीपंच: एक लक्षात ठेवा. चढाई चालू असताना गाणं नको. चढाईपटूचा दम पंचाला ऐकू यावा लागतो. डीजेच्या आवाजात आम्ही त्याच्या ओठांकडं बघत बसायचो, मग भांडणं. लोण चढला (समोरची सगळी टीम बाद झाली) की, टाइमआउटला आणि मध्यंतरात वाजवा.

हलगीसम्राट: मग डीजे कशाला? गणपतीत लेझीम खेळणारी पोरं तुमच्याकडं आहेतच. हलगीवर दोन ठोके, एक टाळी, मग तालमीचं नाव. लोण चढला की एवढंच.

पार्कचौपाटी: हे पटलं. नाव चार अक्षरी आहे, ठोक्यात बसतंय. तरी मध्यंतरात एखादं गाणं पाहिजेच, पाच मिनिटं नुसती हलगी कोण ऐकणार?

कडकभाकरी: तिथं चक दे. पण धृपद आलं की डीजेला आवाज एकदम बंद करायला सांग. स्पीकर चालू असला की पब्लिक गात नाही, ऐकत बसतं. पहिल्या दिवशी कुणी गायलं नाही तरी चालेल, रोज त्याच जागी तेच लाव. फायनलच्या दिवशी नवीन गाणं आणू नकोस.

पार्कचौपाटी: डीजेवाला आवाज बंद करेल होय? त्याचं पेमेंट आवाजावर असतंय.

हलगीसम्राट: मला बोलव. हलगी पण वाजवतो आणि वायर पण काढतो.