‘मेंदू सुकलाय’ म्हणावं का? अ‍ॅट्रोफीसाठी शब्द हवा

मांजराकाठ (लातूर): बाबांचं वय ७१. एमआरआयच्या रिपोर्टात ‘अ‍ॅट्रोफी’ आलंय, म्हणजे मेंदूचा आकार कमी झालाय. डॉक्टरांनी ‘एमसीआय’ सांगितलं, म्हणजे विसर वाढलाय पण रोजचं चालू आहे. सेंटरवरच कुणीतरी ‘मेंदू सुकलाय’ म्हणालं, अन् आत्यानं तिथंच डोळ्याला पदर लावला. आमच्याकडं सुकलं म्हणजे गेलं. तूर सुकली की ती परत उभी राहत नाही. घरात सांगता येईल असा शब्द सुचवा.

गोदातीर (नांदेड): ‘अपक्षय’ कोशात आहे, पण त्यात ‘क्षय’ ऐकू येतो आणि माणसं टीबीवर जातात. ‘शोष’ जुना आणि नेमका आहे, मात्र घशाला पडणारा शोष लोकांना आधी आठवतो. मी ‘आकसणे’ घेईन. जागेवर आहे, काम करतंय, पण आकार कमी झालाय, एवढं त्यातून कळतं.

बालाघाटी (अंबाजोगाई): आकसणे उत्तम, पण ‘काय आकसलंय’ हेही सांगा, नाहीतर शब्द अर्धाच राहतो. वयानं सगळ्यांचाच मेंदू थोडा आकसतो. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृती हळूहळू नेणाऱ्या आजारात, घट बहुधा कानशिलाच्या आतल्या बाजूला सुरू होते: आधी एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स, मग हिप्पोकॅम्पस. ग्रीकमध्ये हिप्पोकॅम्पसचा अर्थ समुद्रघोडा, आकार तसाच वळलेला. ताज्या आठवणी पक्क्या करण्याचं काम त्याचं. म्हणून लग्नातली पंगत आठवते आणि सकाळचा चहा आठवत नाही. निरोगी म्हातारपणात हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण १ ते १.५ टक्के घटतो, अल्झायमरमध्ये ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास, एमसीआयवाले बहुतेक मधे. पेशी आणि त्यांचे जोड कमी होतात, रिकाम्या जागेत पाणी भरतं, म्हणून फिल्मवर मधल्या पोकळ्या मोठ्या दिसतात.

‘व्हॉल्यूम’ला मी ‘आकारमान’ म्हणतो. घनफळ म्हटलं की शाळेतली टाकी आठवते. डॉक्टर या आकसण्याला नुसत्या नजरेनंही ० ते ४ अशी श्रेणी देतात, ती रिपोर्टात शोधा.

पूर्णाकाठची (परभणी): एमसीआयला ‘सौम्य बोधनऱ्हास’ छापतात, घरात ते कुणी बोलणार नाही. आपल्याकडं दोन बोल आधीपासून आहेत. “ध्यानात राहीना गेलंय” हे माणूस स्वतःच सांगतो. त्याचं बाजारहाट, पैसे, देवपूजा सगळं चालू असतं. एमसीआय साधारण हेच. “चळ लागलाय” हे दुसरे सांगतात, तेव्हा रोजचा व्यवहारच कोलमडलेला असतो. मांजराकाठ, तुमच्या बाबांसाठी पहिलाच बोल वापरा.

आणि ‘म्हातारचळ’ कृपा करून नको. डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ साली ज्यांच्याबद्दल सांगितलं त्या ऑगस्टे डेटर बाई रुग्णालयात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. ‘वयाचंच आहे’ म्हणून माणसाला घरी बसवून ठेवतात, त्याचा मला फार राग येतो. बी१२ कमी असणं, थायरॉईड, मन खचणं, यानंही विसर पडतो, आणि त्याला औषध आहे.

मांजराकाठ: ताई, खरंय, बाबा स्वतःच म्हणतात ध्यानात राहीना गेलंय. खताचा हिशोब अजून तेच ठेवतात, फक्त एकच पावती दोनदा लिहिली जाते. एमसीआय म्हणजे पुढं अल्झायमर ठरलेलाच का?

बालाघाटी: ठरलेला नाही. स्मृतीच्या दवाखान्यात येणाऱ्या एमसीआयच्या रुग्णांपैकी वर्षाला साधारण १० ते १५ टक्के डिमेन्शियाकडं (रोजचा व्यवहार कोलमडवणारा विसर, अल्झायमर त्यातलाच) जातात, बरेच आहे तिथंच राहतात, काही पुन्हा नीट होतात. हिप्पोकॅम्पस जास्त आकसलेला असेल तर धोका वाढतो, पण एका फिल्मवरून निकाल लागत नाही. चाचणी, रक्त, घरच्यांचं सांगणं, सगळं मिळून डॉक्टर ठरवतात.

आत्यांना असं सांगा: “आठवणीचा भाग थोडा आकसलाय, बाकीचं कामकाज नीट आहे, लक्ष ठेवायचंय.” आणि एमआरआयची सीडी जपा, नुसता कागद नाही. पुढच्या वर्षी परत काढायला सांगितलं तर शक्यतो त्याच मशीनवर काढा. मशीन बदललं की आकारमानाची तुलना बिघडते, आणि किती आकसलं यापेक्षा किती वेगानं आकसतंय हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे.