गुडघ्याचा लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन करू की नको? लवकर मदत हवी आहे

तापीकाठ
नमस्कार मंडळी. गुडघ्याचा लिगामेंट तुटलाय, एमआरआय पण झाला. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशनशिवाय पर्याय नाही, दुसरे म्हणतात आधी व्यायाम करा, मग बघू. घरात रोज यावरून वाद. वडिलांचं म्हणणं हाडवैद्याकडे चल, आई रडते. मला पोलीस भरतीचं ग्राउंड द्यायचंय. ऑपरेशन केलं तर कधी पळता येईल आणि नाही केलं तर म्हातारपणी गुडघा कामातून जातो का, एवढंच सांगा. अनुभव असलेल्यांनीच लिहा. यूट्यूब बघून डोकं फिरलंय.

पानझरा
कोणता लिगामेंट? हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे असे मोठे पट्टे गुडघ्यात चार असतात, प्रत्येकाचा उपचार वेगळा. पूर्ण तुटलाय की अर्धवट? वय काय, लागलं कसं, किती दिवस झाले? सूज आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

तापीकाठ
एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असतो तो पुढचा. पूर्ण. वय २२. कबड्डी खेळताना लागलं, गणपतीनंतरच्या स्पर्धेत. आता सांगा, करू की नको?

अंमळनेरकर
डोळे झाकून करून टाक भाऊ. माझं झालंय, हॅमस्ट्रिंगच्या शिरेपासून नवा लिगामेंट बनवला, आज शेतातली सगळी कामं करतो. माझ्या चुलतभावाने टाळलं. बांधावरून उतरताना त्याचा गुडघा सटकायचा, दर वेळी सूज. दोन वर्षांनी डॉक्टरकडे गेला तेव्हा आतली गादी, मेनिस्कस म्हणतात ती, पार चुरगळलेली, ती कापून काढावी लागली. तरुण पोरांनी वाट बघूच नये.

भुसावळ_सायकल
इतकं सरसकट सांगू नका. माझाही एसीएल पूर्ण तुटलेला आहे आणि मी ऑपरेशन केलेलं नाही. नेटाने व्यायाम केला, आता सायकलवर लांब पल्ले मारतो, जिने चढतो, गुडघा सटकत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर अभ्यास झाला होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी बघितलं तर दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं आणि दोन्ही गटांचं दुखणं, हालचाल साधारण सारखीच होती.

अंमळनेरकर
सायकल सरळ रेषेत चालते हो. कबड्डीत एका पायावर गर्रकन वळावं लागतं. आणि त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते, हे पण सांगा की.

भुसावळ_सायकल
तो तरी कुठे व्यावसायिक खेळाडू आहे? त्याला १६०० मीटर पळायचंय, सरळच. आणि त्याच गटातल्या बाकीच्या निम्म्यांना नंतर ऑपरेशन लागलं, हे मी लपवत नाहीये. घाई नको एवढंच म्हणणं आहे.

केळीबाग_रावेर
निरगुडीचा पाला उकळून शेक द्या, वरून एरंडाचं पान तेल लावून बांधा. आमच्याकडे घड वाहणाऱ्या मजुरांना यानेच आराम पडतो. सातपुड्याच्या बाजूला एक जण नस बसवून देतो, पत्ता हवा तर व्यक्तिगत निरोप करा.

गिरणाकाठची
रावेरचे दादा, शेकाने आखडलेल्या स्नायूला बरं वाटत असेल, त्याला माझी ना नाही. पण तुटलेला एसीएल ओढून-पिळून बसत नाही. गादीही फाटलेली असेल तर त्या ओढाताणीत ती आणखी फाटते. कृपया या मुलाला तो पत्ता देऊ नका.

तापीकाठ, मी जळगावला फिजिओथेरपिस्ट आहे. हो-नाही सांगण्याआधी तीन गोष्टी हव्यात. लागलं तेव्हा टक्कन आवाज आला का आणि सूज किती वेळात आली? चालताना गुडघा सटकतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुडघा पूर्ण सरळ होतो का? पलंगावर पालथा झोप, गुडघ्यापासून खालचे पाय कडेबाहेर सैल सोड आणि घरच्या कुणाला तरी दोन्ही टाचा बघायला सांग. एक टाच वर राहते का?

शिरपूरची_सून
माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले, वय ६८. आता देवळात जातात. चांगल्या कंपनीचा सांधा बसवून घ्या, पैशाकडे बघू नका.

पानझरा
ताई, त्याला सांधा बदलायचा नाहीये. लिगामेंटचा प्रश्न आहे.

खानदेशी_पंच
मी तालुका पातळीवर पंच म्हणून उभा राहतो. हल्ली मातीवर सराव करणारी पोरं एकदम मॅटवर उतरतात. मॅटवर बूट पकडून धरतो, अंग वळतं आणि पाय तिथेच राहतो. त्यात कुणी घोटा धरलेला असेल तर गुडघाच जातो. मॅटवर खेळवायचं तर आधी पोरांना उडी मारून वाकत्या गुडघ्यावर उतरणं आणि छोट्या पावलांनी थांबणं शिकवायला हवं. दर मोसमात एक तरी पोरगा असा बसतो, बघवत नाही.

अंमळनेरकर
पंचसाहेब, मातीवर पण होतं. माझं मातीवरच झालं.

तापीकाठ
ताई, आवाज आला होता, शेजारच्या गड्यालाही ऐकू गेला. घरी येईपर्यंत गुडघा टम्म. आता सूज कमी आहे, कुबडी सोडली. सटकतो कधी कधी.
पालथा झोपून बघितलं. बहीण म्हणते उजवी टाच चार बोटं वर राहते. पण ते तर पहिल्या दिवसापासून तसंच आहे, मध्येच काहीतरी अडतं. सूज असेल म्हणून सोडून दिलं.
रिपोर्टात एसीएलच्या खाली असंही लिहिलंय: मीडियल मेनिस्कस, बकेट हँडल टेअर, डबल पीसीएल साइन. म्हणजे पीसीएल पण तुटला का?

गिरणाकाठची
नाही, पीसीएल, म्हणजे एसीएलच्या मागचा लिगामेंट, तुटलाय असा त्याचा अर्थ होत नाही. आतल्या बाजूच्या गादीचा फाटलेला पट्टा सरकून सांध्याच्या मध्ये, पीसीएलच्या जवळ जाऊन पडलाय. एमआरआयच्या फोटोत तो दुसऱ्या पीसीएलसारखा दिसतो, म्हणून तसं लिहितात. गुडघा बहुतेक त्यामुळेच अडतोय. सुजेने किंवा मांडीमागचा स्नायू आखडल्यानेही पाय सरळ होत नाही, पण या रिपोर्टसोबत तसं धरून बसता येणार नाही.

आता वरचा वाद बाजूला ठेव. नुसता एसीएल असता तर मीही सांगितलं असतं, आधी सूज उतरव, पाय पूर्ण सरळ कर, मांडीत ताकद आण, मग निवांत ठरव. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने एसीएल केला तर सांधा कडक राहण्याची भीती असते. पण गादी अडकून गुडघा अडलाय, तेव्हा हे आता थांबण्याचं प्रकरण राहिलेलं नाही. याच आठवड्यात अस्थिरोग सर्जनला दाखव, शक्यतो दुर्बिणीने गुडघ्याचं काम नेहमी करणाऱ्याला. अडलेला पाय जोर लावून सरळ करू नको, कुणाला दाबूही देऊ नको.

तू म्हातारपणाचं विचारलंस, त्याचं उत्तर बरंचसं या गादीत आहे. डोक्यावर ओझं घेताना चुंबळ ठेवतो ना, तसं काम ती करते, भार पसरवते. कापून काढली की तोच भार थेट हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेवर येतो आणि झीज लवकर सुरू होते. म्हणून सर्जनला पहिला प्रश्न हा विचार: टाके घालून गादी वाचेल का? बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट भरून येऊ शकते, आतल्या कडेची सहसा येत नाही. फाट ताजी आहे तोवर शक्यता जास्त.

आणि एक खरं सांगते, ऑपरेशन केलं म्हणजे संधिवात टळला असं नाही. एसीएल तुटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या एक्सरेत १० ते २० वर्षांत झीज दिसते, ऑपरेशन झालेल्यांच्याही. सगळ्यांना त्रास होतोच असं मात्र नाही. वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीची ताकद टिकवणं हे तुझ्या हातात आहे, ते आयुष्यभर करावं लागेल.

भुसावळ_सायकल
गादी अडकलेली असेल तर माझा सल्ला इथे लागू नाही. ताई म्हणतात तसं कर.

नंदुरबार_मास्तर
पीआरपीचं इंजेक्शन घेऊन बघितलं का? रक्त काढून गुडघ्यात देतात, शीर जुळते म्हणे.

पानझरा
मास्तर, पूर्ण तुटलेला एसीएल त्याने जुळतो याला भक्कम पुरावा नाही, आणि अडकलेली गादी इंजेक्शनने जागेवर जात नाही. पोराचे पैसे कशाला घालवायला सांगता?

तापीकाठ
आणि भरती? दोन वर्षं तयारी केलीय. १६०० मीटरचा टाइम आत्ता कुठे बसत होता.

गिरणाकाठची
या वेळचं ग्राउंड तुला देता येणार नाही. वाईट वाटतंय लिहिताना, पण खोटी आशा देणार नाही. दोन्ही ऑपरेशन झाली तर सरळ रेषेतलं हलकं पळणं साधारण चौथ्या महिन्यापासून, तेही ताकद आणि सूज बघून. गादीला टाके पडले तर काही महिने उकिडवं बसणं बंद, म्हणजे घरात कमोडची सोय आत्ताच बघ. कबड्डीचं नाव नऊ महिन्यांच्या आत काढायचं नाही, त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली तरच. लवकर उतरणाऱ्यांचा नवा लिगामेंट पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. भरतीच्या गोळाफेकीतही पाय वळतो, विसरू नको. हात, खांदे, पोट यांचा व्यायाम मात्र तोवर चालू ठेव आणि लेखीचा अभ्यास सोडू नको.

धुळ्याचा_बापू
घाबरू नको भाऊ, बठ्ठं बरं व्हई जाई. खर्चाचं बघत असशील तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र भेटतात, तुझं ऑपरेशन यादीत बसतं का ते विचार. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि एमआरआयची फिल्म, तिन्ही सोबत ने. नुसत्या कागदी रिपोर्टावर सर्जन ठरवत नाहीत.

तापीकाठ
बापू, ताई, धन्यवाद. सोमवारी जळगावला निघतो, वडील पण तयार झाले. एकच विचारायचंय. केळीच्या कांदेबागेची लागवड चालू आहे, तोवर ट्रॅक्टर चालवला तर चालेल का? लागलेला पाय उजवा आहे, क्लच डाव्याने दाबतो.

गिरणाकाठची
ब्रेक उजव्यानेच दाबतोस ना? ऐन वेळी गुडघा अडला तर? ट्रॅक्टर नको. सोमवारी जातानाही बाइकवर बसू नको, एसटीने जा आणि पाय लांब ठेवता येईल अशी जागा बघ.