पुन्हा: ट्रस्कॉटचा फलक छापायच्या आधी

मंडळी, नमस्कार.
एमसीजीच्या (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या) सहलीसाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू आणि लढाऊ वैमानिक ट्रस्कॉटच्या फलकाचा मजकूर असा आहे: "कीथ 'ब्लूई' ट्रस्कॉट. मेलबर्न क्लब, 1937 ते 1942. 50 सामने, 31 गोल. हवाई लढाईत वीरमरण." छापायला देण्याआधी कोणी नजर घालाल का?

*

ताई,
आकडे बरोबर आहेत, पण "1937 ते 1942" असं सलग लिहू नका. 49 सामने 1940 पर्यंतचे आहेत आणि पन्नासावा एकटा 1942चा. जुलै 1940 मध्ये तो हवाई दलात दाखल झाला आणि 28 सप्टेंबरची ग्रँड फायनल रजा घेऊन खेळला. तो स्कोअर टाकाच: मेलबर्न 15.17 (107), रिचमंड 10.8 (68). आपल्याकडे बरेचजण टिंब दशांशाचं समजतात, म्हणून खाली फोड द्या: 15 गोल गुणिले 6 म्हणजे 90, त्यात 17 बिहाइंडचा (मधल्या गोलखांबांच्या बाजूने गेलेल्या चेंडूचा) एकेक गुण.

पुढे कॅनडात प्रशिक्षण, मग इंग्लंडमध्ये हवाई दलाची 452 स्क्वाड्रन आणि स्पिटफायर लढाऊ विमान. 1942 मध्ये परतल्यावर तो एकच सामना खेळला, तोही रिचमंडविरुद्धच. त्याच्याशेजारी एमसीजीचा फोटो नको. मैदान तेव्हा लष्कराच्या ताब्यात होतं.

"हवाई लढाईत" हे मात्र काढाच. न्यू गिनीतल्या मिल्न बेच्या लढाईत 76 स्क्वाड्रनचा प्रमुख टर्नबुल मारला गेल्यावर तिची धुरा ट्रस्कॉटने घेतली, त्या लढाईतून तो सुखरूप बाहेर आला. 28 मार्च 1943 ला पश्चिम ऑस्ट्रेलियात एक्समथ आखातावर तो एका कॅटलिना विमानावर (पाण्यावर उतरणारं विमान) सरावाचे लुटुपुटूचे हल्ले करत होता. कॅटलिना पाण्याच्या अगदी जवळ आलेलं, समुद्र आरशासारखा. लाट नसली की नजरेला धरायला काही उरत नाही, आणि हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक शेवटच्या काही फुटांत भरवशाचं नसतं. त्याचं किटीहॉक लढाऊ विमान पाण्यावर आदळलं. वय 26.

शिकाऊ असतानाही त्याचा उंचीचा अंदाज चुकायचा: धावपट्टी अजून वीसेक फूट खाली असतानाच तो विमान सपाट करायचा. तेव्हा जमीन आहे त्यापेक्षा जवळ वाटायची, इथे पाणी आहे त्यापेक्षा लांब वाटलं. माझ्या मते फलकावर दुसरं काही नसलं तरी चालेल, पण हे हवं.

*

दादांच्या दुरुस्त्यांना अनुमोदन. एक भर: ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात "ब्लूई" टाकून शोधू नका. ते लाल केसांमुळे पडलेलं टोपणनाव. कागदोपत्री तो कीथ विल्यम. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या फाइली ए9300 मालिकेत आहेत. त्याच 1940च्या संघातला रॉन बरासी (थोरला, 1941 मध्ये तोब्रुकला मारला गेला) भूदलात होता, त्याच्यासाठी बी883 मालिका पाहा.

फलकावरची वर्षं आणि सामन्यांची ओळ अशी करा: "1937–40 आणि 1942, 49 अधिक 1 सामना."