आईच्या गळ्यात गाठ, दोनदा एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) करूनही निदान होत नाहीये

अबोली
नमस्कार, आईचं वय ५४. दोन महिन्यांपूर्वी ती पाणी पीत होती तेव्हा गळ्याच्या डाव्या बाजूला काहीतरी वरखाली होताना मला दिसलं, हात लावला तर बोराएवढी टणक गाठ. सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये ३ सेमीची गाठ, टायरॅड्स ५ म्हणजे कॅन्सरचा संशय जास्त, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके. थायरॉइडच्या रक्ततपासण्या टीएसएच, टी३, टी४ सगळं नॉर्मल. एफएनएसी दोनदा झाली, दोन्ही वेळा बेथेस्डा ३, म्हणजे धड इकडे ना तिकडे. डॉक्टर म्हणतात अर्धी थायरॉइड काढू, मग बायोप्सीत कळेलच. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे पण मनाला पटतच नाहीये. बाकी आईला तसा काही त्रास नाही, फक्त दीड वर्षापासून दिवसाला पाच-सहा वेळा जुलाब होतात, त्याला आयबीएसच्या गोळ्या चालू आहेत. घरात थायरॉइड कॅन्सर कोणालाच नाही. मामा चाळिशीतच गेला पण तो हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये बीपी एकदम वाढून गेला, त्याचा याच्याशी संबंध नाही. कोणाला असा अनुभव आहे का? प्लीज सांगा.

निवांत
टीएसएच नॉर्मल आहे ना, मग एवढं टेन्शन नका घेऊ ताई. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात.

सायली
निवांत, तुमचा हेतू चांगला आहे पण टीएसएचवरून कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही, माझाही शेवटपर्यंत नॉर्मलच होता.
अबोली, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर होता, ऑपरेशनला सहा वर्षं झाली. थायरॉइड कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये दोन-तीनच असे असतात म्हणून पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. हा थायरॉइड हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा नसून थायरॉइडमधल्याच सी पेशींचा कॅन्सर, आणि त्या पेशी कॅल्सिटोनिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. ते खूप वाढलं की जुलाब होतात. मलाही वर्षभर पोटाच्याच गोळ्या दिल्या, गळा आणि पोट एकत्र जोडून कोणी बघितलंच नाही. तेव्हा उद्याच डॉक्टरांना कॅल्सिटोनिन आणि सीईए या दोन रक्ततपासण्यांबद्दल विचार. मेड्युलरी निघाला तर अर्धी थायरॉइड काढून भागत नाही, पूर्ण काढतात आणि मानेच्या मधल्या भागातल्या लिम्फ नोड्सही (लसीका गाठी). नंतर रेडिओआयोडिनचाही (किरणोत्सर्गी आयोडिनच्या औषधाचा) उपयोग नसतो कारण या पेशी आयोडिन घेतच नाहीत, म्हणून पहिलं ऑपरेशन नीट होणं फार फार महत्त्वाचं.
आणि मामांबद्दल लिहिलंस ते प्लीज डॉक्टरांना सांग. चारातल्या एका पेशंटमध्ये हा आजार रेट नावाच्या जीनमधून घराण्यात चालत आलेला असतो आणि अशा घरात मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही गाठ होऊ शकते, फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ती असताना भूल दिली तर बीपी आकाशाला भिडतं. मामांना तेच होतं असं मी म्हणत नाही, पण आईला टेबलवर घ्यायच्या आधी मेटानेफ्रिन्स (ती गाठ असेल तर हे वाढतात) तपासायलाच हवेत.

स्लाइडवाला
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. सायलीताईंशी शंभर टक्के सहमत. एफएनएसीत मेड्युलरी निसटतो कारण त्याच्या पेशी कधी गोल कधी लांबट, दुसऱ्याच ट्यूमरसारख्या दिसतात. लॅबला सांगून जुन्या स्लाइड्सवर कॅल्सिटोनिनचा स्टेन (पेशींतलं कॅल्सिटोनिन रंगवून दाखवणारी चाचणी) करता येईल का विचारा. सुई परत घातलीच तर ती सलाइनने धुवून त्या पाण्यातही कॅल्सिटोनिन मोजता येतं. रक्ताचं सँपल बर्फात ठेवून लगेच लॅबला जाऊ दे, बाहेर राहिलं तर आकडा खोटा कमी येतो. आई अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी घेत असतील तर तेही सांगा, त्याने थोडं वाढलेलं दिसू शकतं.

अबोली
बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी, धावपळच तशी होती. कॅल्सिटोनिन ३८६० आलं, नॉर्मल दहाच्या आत असतं. सीईएपण वाढलेलं. मेटानेफ्रिन्स जास्त आले म्हणून सीटी केला तर उजव्या अ‍ॅड्रिनलवर गाठ निघाली. डॉक्टर रिपोर्ट हातात धरून मिनिटभर काही बोललेच नाहीत, मग म्हणाले बरं झालं थांबलो. आता बीपीच्या अल्फा ब्लॉकर गोळ्या चालू केल्यात, आधी अ‍ॅड्रिनलचं ऑपरेशन मग थायरॉइडचं. मानेच्या डाव्या बाजूच्या नोड्समध्ये पसरलाय, फुफ्फुसं स्वच्छ आहेत, लिव्हरचा एमआरआय उद्या आहे. आईला सगळं सांगितलं, ती एवढंच म्हणाली की मामाच्या मुलांना आधी फोन कर. केला. रेटच्या टेस्टला आईचं रक्त गेलंय, तिच्यात दोष सापडला तर मला आणि दादाला प्रत्येकी पन्नास टक्के शक्यता, मग आमची पण होईल.
सायलीताई, तुम्हाला रेटचा रिपोर्ट यायला किती दिवस लागले होते?

सायली
तीन आठवडे. माझा निगेटिव्ह आला होता गं. उद्या एमआरआय झाला की लिही, मी बघत राहते.