मदत हवी आहे: ऑनलाइन पेमेंटवाल्यांच्या संघटनेत आमच्यासारख्या चार माणसांच्या कंपनीने शिरावं का?

मंडळी, नमस्कार.

दादरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि अर्धा वेळ बंद असलेला एक एसी. गृहनिर्माण सोसायट्यांचा मेंटेनन्स ऑनलाइन भरायचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. सध्या ६३ सोसायट्या आहेत, बहुतेक दादर ते मुलुंड.

मूळ दुखणं असं. मागच्या गणपतीच्या सुमारास एका ॲग्रीगेटरने, म्हणजे रहिवाशांचे ऑनलाइन पैसे गोळा करून सोसायटीला पोचवणाऱ्या कंपनीने (नाव घेत नाही), आमच्या एका सोसायटीचं सेटलमेंट नऊ दिवस अडकवून ठेवलं. एरवी दुसऱ्या दिवशी जमा होणारे पैसे. विचारलं तर उत्तर एकच, ‘रिस्क रिव्ह्यू’. सोसायटीचे खजिनदार काका पंचाहत्तरीचे, बँकेतून निवृत्त. त्यांनी मला समोर बसवलं, छापील स्टेटमेंटवर फुटपट्टी ठेवली आणि एकेक बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा क्रमांक) मोठ्याने वाचायला घेतला. ‘हा आला. हा आला. हा कुठाय?’ असं ४१ वेळा ‘हा कुठाय’ ऐकलं. चहा दोनदा झाला, काका थकले नाहीत. शेवटी कळलं की सोसायटीचा मर्चंट कॅटेगरी कोड (पैसे घेणारा कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा) चुकीचा पडला होता. एवढं सांगायला समोरच्यांना नऊ दिवस लागले.

तेव्हापासून भागीदाराने डोक्यात घेतलंय की आपण एकटे पडतो म्हणून कुणी विचारत नाही, पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया (पीसीआय) या संघटनेत जाऊ. त्याचा दुसरा मुद्दा मात्र मलाही पटतो. रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रीगेटरच्या नियमांचा मसुदा १६ एप्रिल २०२४ ला काढला आणि ३१ मेपर्यंत सूचना मागवल्या. आम्हाला पत्ता लागला जूनमध्ये, तोही एका सीएकडून, लग्नाच्या पंगतीत. रिझर्व्ह बँक फोर्टात, यूपीआय चालवणारी एनपीसीआय बीकेसीत, दोन्ही आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि बातमी मिळते ती जिलेबीबरोबर! अंतिम नियम सप्टेंबर २०२५ मध्ये आलेसुद्धा.

तर विचारायचं हे की आमच्यासारख्यांना तिथे घेतात का, आणि वर्गणी भरून नुसतं यादीत नाव येतं की मसुदे वेळेत हाती पडतात? शिवाय एक सल्लागार सारखा फोन करतोय, ‘तुमचं पीसीआय एक लाख चाळीस हजारात करून देतो’ म्हणून. हे मेंबरशिपचं आहे की आणखी काही? कुणी प्रत्यक्ष सभासद असेल तर कृपया सविस्तर लिहा.

– खातेवही

प्रतिसाद, बोरीबंदर:

आधी त्या सल्लागाराचा फोन घेणं थांबवा. पीसीआय दोन आहेत. तो विकतोय ते कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेचं मानक. पाच कार्ड कंपन्यांनी मिळून २००६ मध्ये त्यासाठी एक कौन्सिल काढली, ते मानक तिचं. कार्डाचा नंबर तुमच्या पानावर नाही, ॲग्रीगेटरच्या पानावर टाकला जात असेल तर तुमच्यावरचं ओझं बरंच हलकं असतं. किती ते ॲग्रीगेटरकडून लेखी घ्या. भागीदाराच्या मनातली दुसरी, पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया. ती २०१३ साली आयएएमएआय या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेच्या छत्राखाली सुरू झाली, त्यामुळे चौकशी तिथूनच सुरू करा. वर्गणी किती, मत आहे का, कुठल्या समितीत बसता येईल, हे पैसे भरण्याआधी मेलवर विचारा. फोनवर सगळेच गोड बोलतात.

पण सेटलमेंट सोडवायला जात असाल तर जाऊ नका. ज्याने तुमचे पैसे अडकवले तोच तिथे पहिल्या रांगेत बसलेला असायचा. तक्रारीसाठी ॲग्रीगेटरला नोडल अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा तपशील वेबसाइटवर द्यावा लागतो. मेल त्याला करा, सेल्सवाल्याला नको.

प्रतिसाद, सुलभा_ठाणे:

आणखी एक बघा. यूपीआय आणि रूपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. याच पेमेंट्स कौन्सिलने मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून त्याचा फेरविचार करा म्हटलं. यूपीआयपुरती मागणी मोठ्या व्यापाऱ्यांवरच्या शुल्काची होती, आणि त्यांच्या जागी त्यांचं म्हणणं चूक नाही, यंत्रणा फुकट चालत नाही. पण तुमच्या सोसायट्या यूपीआय फुकट आहे म्हणून तर ऑनलाइन आल्या ना? वर्गणी कुणाच्या पारड्यात टाकताय ते ठरवून टाका. मसुद्यांचं म्हणाल तर ते रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठीच असतात आणि सूचना कुणीही पाठवू शकतं. दर सोमवारी दहा मिनिटं कुणाला तरी बसवा.

आणि एक प्रश्न, रागावू नका. रहिवाशांचे पैसे कधी तुमच्या खात्यातून फिरतात का?

खातेवही:

सुलभाताई, दोन जुन्या सोसायट्यांचे फिरतात. त्यांचं केवायसी रखडलं होतं म्हणून आमच्या करंट अकाउंटला घेतो आणि संध्याकाळी एनईएफटी करतो. एक रुपयाही ठेवत नाही.

सुलभा_ठाणे:

ठेवत नसाल, पण दुसऱ्यांचे पैसे गोळा करून पुढे देणं हेच ॲग्रीगेटरचं काम. बँक नसलेल्याला त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. अर्ज करतानाच १५ कोटींचं नेटवर्थ, पुढे २५ कोटी. नुसतं तंत्रज्ञान पुरवणाऱ्याला ती परवानगी लागत नाही, कारण तो पैशाला हात लावत नाही. तुम्ही त्यात बसता, या दोन सोसायट्या सोडून. संघटनेच्या फॉर्मवर ‘तुमचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहिणार होतात?

खातेवही:

१५ कोटी! इथे एसीचा गॅस भरायला भागीदाराची सही लागते.

आत्ताच दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन केला. एकांकडे पॅन कार्ड सापडलं, दुसऱ्यांकडे ठरावाची प्रत नाही, रविवारी मीटिंग लावतायत. तोवर त्यांची लिंक बंद केली आहे, चेक घ्या म्हटलं. कौन्सिलला मेल टाकून ठेवलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो.