मदत हवी आहे: जुन्या स्कॅनरमुळे नासवर एसएमबी१ चालू ठेवावं लागतंय, सर्व्हरची मेमरी बाहेर जाण्याचा धोका कसा टाळू?

धंतोलीवाला

नमस्कार मंडळी,

नागपूरला धंतोलीत एका सीए ऑफिसात काम करतो. मूळचा अकाउंट्सचा, पण नेटवर्क, प्रिंटर, बॅकअप सगळं माझ्याकडेच असतं. प्रश्न लांब आहे, तरी पूर्ण वाचून मार्गदर्शन करा ही विनंती. रिटर्नचा सीझन सुरू आहे, ३१ जुलैपर्यंत काम थांबवून काही करता येणार नाही.

आमच्याकडे दोन डिस्कचा नास बॉक्स (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल देणारी पेटी) आहे. आत लिनक्स, फाइल शेअरिंगला सांबा हा प्रोग्राम, आवृत्ती ४.१०. या मॉडेलला कंपनीकडून अपडेट येणं बंद झालंय. क्लायंटचे पॅन, आधार, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, सगळं त्याच बॉक्सवर. बाजूला एक जुनं मोठं कॉपियर मशीन आहे, कागद ठेवला की स्कॅन थेट नासच्या फोल्डरमध्ये येतं. हे मशीन फक्त एसएमबी१, म्हणजे फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती, बोलतं. नासच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल एसएमबी२ केला की स्क्रीनवर 'कनेक्शन फेल' येतं आणि स्कॅनिंग ठप्प.

सांबाच्या सुरक्षा सूचना चाळताना सीव्हीई-२०२२-३२७४२ वाचली, २७ जुलै २०२२ ची (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा क्रमांक). मला कळलं ते असं: एसएमबी१ वर एखादा क्लायंट 'फाइलमध्ये इतके बाइट लिही' म्हणतो, पण डेटा त्यापेक्षा कमी पाठवतो. सांगितला तेवढा डेटा खरंच आलाय का, हे सर्व्हरने तपासायला हवं. काही प्रकारच्या विनंत्यांमध्ये ही तपासणी नीट होत नव्हती. मग कमी पडलेल्या डेटाच्या जागी सर्व्हर स्वतःच्या मेमरीतलं जे असेल ते फाइलमध्ये लिहून मोकळा होतो. क्लायंटने तीच फाइल उघडली की सर्व्हरच्या मेमरीचा तुकडा त्याच्या हातात. दुरुस्ती ४.१४.१४, ४.१५.९ आणि ४.१६.४ मध्ये आली. आमचा बॉक्स ४.१० वर अडकलेला. अगदी याच धर्तीची त्रुटी सप्टेंबर २०१७ मध्येही दुरुस्त झाली होती, सीव्हीई-२०१७-१२१६३. त्यामुळे त्या जुन्या कोडवरचा माझा विश्वासच उडालाय.

सूचनेत म्हटलंय की हल्ला करणाऱ्याला शेअरवर लिहिण्याची परवानगी लागते. माझी झोप उडाली ती इथेच. मशीन बसवणाऱ्यांनी स्कॅनचं फोल्डर 'गेस्ट'ला लिहिता येईल असं करून ठेवलंय, पासवर्ड नाही. आणि आमच्या वेटिंग रूममधल्या बोर्डावर वायफायचा पासवर्ड लिहिलेला आहे, क्लायंटच्या सोयीसाठी. तेच नेटवर्क आतल्या ऑफिसला. म्हणजे सोफ्यावर बसलेला कोणीही लॅपटॉपवरून त्या फोल्डरमध्ये लिहू शकतो.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडे फायरवॉल आहे नं, बाहेरून कोण येऊन राहिलं?" सर माणूस चांगले आहेत, क्लायंटची माहिती बाहेर जाऊ नये याबद्दल कडक आहेत. सीए कायदा १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत क्लायंटच्या संमतीशिवाय माहिती उघड करणं हे गैरवर्तन म्हणून पहिल्याच कलमात आहे, ते आर्टिकलच्या (शिकाऊ) प्रत्येक पोराला सांगतात. पण हा धोका आतून आहे, बाहेरून नाही, हे त्यांना पटवायला मला नेमके शब्द हवेत.

तर विचारायचं हे की, एसएमबी१ फक्त स्कॅनच्या फोल्डरपुरतं ठेवून बाकी फोल्डर एसएमबी३ वर नेता येतील का? आणि मेमरी आधीच कोणी वाचली असेल तर ते कुठे दिसेल? मागच्या आठवड्यातली एक स्कॅन पीडीएफ उघडतच नाहीये, तेव्हापासून मनात शंका आहे. नवीन कॉपियरचं बजेट दिवाळीआधी मिळणार नाही.

लिनक्सवेडा

धागाकर्ते, त्रुटी तुम्हाला बरोबर समजली आहे. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' ही सेटिंग ग्लोबल आहे, फोल्डरनिहाय देता येत नाही. प्रोटोकॉल कुठला वापरायचा हे कनेक्शन जोडतानाच ठरतं, फोल्डर त्यानंतर येतो. एका स्कॅनरसाठी दार उघडलं की ते सगळ्यांसाठी उघडं.

पण धोका आहे त्यापेक्षा मोठाही समजू नका. मेमरीचा कुठला भाग फाइलमध्ये यावा हे हल्लेखोराला ठरवता येत नाही, हे सूचनेतच आहे. शिवाय सांबा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी प्रोसेस उघडतो, त्यामुळे गळतं ते त्या प्रोसेसच्या मेमरीतलं. सरांच्या केबिनमध्ये उघडलेली बॅलन्स शीट सोफ्यावरच्या माणसाला दिसेल असं नाही. तरी वापरून सोडलेल्या मेमरीत पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) वगैरे राहू शकतात. नोव्हेंबर २०१७ च्या आणखी एका मेमरी गळतीच्या सूचनेत, सीव्हीई-२०१७-१५२७५, सांबाच्या लोकांनी स्वतःच तसं लिहिलंय. म्हणून हे बंद करायलाच हवं.

सरांना दाखवायला सगळ्यात सोपं: नासवर एसएसएच करून (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरून) 'एसएमबीस्टेटस' ही कमांड चालवा. कोण कुठल्या प्रोटोकॉलवर जोडलंय ते प्रत्येक ओळीत दिसतं. स्कॅन चालू असताना स्कॅनरसमोर 'एनटी१' येईल, तेच एसएमबी१. फायरवॉलचा इथे संबंध नाही, कारण वायफायवरून नासपर्यंतचा ट्रॅफिक त्या फायरवॉलमधून जातच नाही.

न उघडणाऱ्या पीडीएफबद्दल: फाइल हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात, शेवटी दोन टक्के आणि ईओएफ. सुरुवात ठीक असून शेवट गायब असेल तर स्कॅन मध्येच तुटलंय, एवढाच अर्थ. फाइलच्या पोटात दुसऱ्या फोल्डरची नावं, युजरची नावं असलं काही दिसलं तर मात्र इथे परत या.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. ४.१० वर एसएमबी१ ही एकटी काळजी नाही. सीव्हीई-२०२१-४४१४२ बघा, ती 'फ्रूट' नावाच्या मॉड्यूलमध्ये होती, जे मॅकसाठी वापरतात. त्यात मेमरीच्या हद्दीबाहेर वाचताही येत होतं आणि लिहिताही, थेट रूट हक्काने, म्हणजे बॉक्सवर पूर्ण ताबा घेऊन, कोड चालवण्यापर्यंत. दुरुस्ती ४.१३.१७, ४.१४.१२ आणि ४.१५.५ मध्ये. बरेच नास बॉक्स हे मॉड्यूल आपोआप चालू ठेवतात. ऑफिसात मॅक नसेल तर 'टेस्टपार्म' (सांबाची सेटिंग दाखवणारी कमांड) चालवून 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स'च्या ओळीत फ्रूट आहे का बघा आणि असेल तर काढून टाका.

बुटीबोरीकर

भाऊ, आमच्या फॅक्टरीत सेम केस होती. टेन्शन नका घेऊ, नवीन कॉपियर न घेता होते.

एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) घ्या. सीताबर्डीला नाही भेटला तर ऑनलाइन मागवा. त्यावर नवीन, पॅच आलेला सांबा टाका आणि एसएमबी१ फक्त तिथेच चालू करा. नव्या सांबात, म्हणजे ४.११ पासून, एसएमबी१ मुळातच बंद असते, म्हणून 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल'ला एनटी१ लिहावं लागते. जुनं मशीन तरीही पासवर्ड घेत नसेल तर 'एनटीएलएम ऑथ'ला (पासवर्ड तपासायची जुनी पद्धत) येस करा. हे ढिलं सेटिंग आहे, पायवर चालते, नासवर बिलकुल नका करू.

स्कॅन पायवर येऊ द्या. पायवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा, ती फाइल उचलून एसएमबी३ वरून नासमध्ये टाकते आणि पायवरून पुसते. नासवर पायसाठी वेगळा युजर करा, त्याला फक्त 'नवीन स्कॅन' एवढंच फोल्डर. मग पायची मेमरी कोणी वाचली तरी तिथे काय आहे? अर्धवट स्कॅन आणि त्या एका युजरचा पासवर्ड, बस.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रिप्टने चालू असलेलं स्कॅन उचललं तर अर्धी फाइल जाते. आमच्या इथे चाळीस पानांच्या चलनाचे तुकडे होऊन राहिले होते. 'फाइंड' कमांडमध्ये, दोन मिनिटांत जिच्यात बदल झाला नाही अशीच फाइल उचल, असं लिहिलं तेव्हा थांबलं.

आणि बोर्डावरचा वायफाय आजच वेगळा करा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतेच. याला ना बजेट लागत, ना सुट्टी.

धंतोलीवाला

दोघांचेही मनापासून आभार. इतक्या बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

गेस्ट वायफाय वेगळा केला, बोर्डावर आता तोच पासवर्ड आहे. त्यावरून नास दिसत नाही हे माझ्या मोबाइलवरून तपासलं. सरांना एसएमबीस्टेटस दाखवला: ऑफिसच्या सगळ्या मशीन एसएमबी३_११ वर, आणि मधोमध एकच ओळ एनटी१ ची. त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "हे आपलं स्कॅनर?" आणि पायचा खर्च लगेच मंजूर केला. पीडीएफची सुरुवात ठीक आहे, शेवट नाही, आत दुसरं काही सापडलं नाही. फ्रूट चालू होतं, मॅक एकही नाही, म्हणून काढलं.

बुटीबोरीकर भाऊ, एक अडचण. कॉपियरची केबल थेट पायला जोडायचा विचार होता, म्हणजे एसएमबी१ ऑफिसच्या नेटवर्कवर येणारच नाही. पण सगळे प्रिंटही त्याच मशीनवर काढतात. केबल हलवली तर प्रिंटिंग बंद पडेल. मग कॉपियर ऑफिसच्या नेटवर्कवरच राहू द्यावं का?

बुटीबोरीकर

राहू द्या. पायच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ४४५ (एसएमबीचं दार) फक्त कॉपियरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) उघडा, बाकी सगळ्यांना बंद, आणि कॉपियरला राउटरमधून फिक्स आयपी द्या. कोणी तो आयपी लावून घुसलाच तरी पायवर काही सापडत नाही, त्यासाठीच तर तो वेगळा ठेवला. पूर्ण वेगळंच करायचं असेल तर केबल पायला लावा आणि पायवर कप्स (लिनक्सवर प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) टाकून प्रिंटर तिथून शेअर करा. पण मग प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर नव्याने जोडावा लागते. सीझन संपल्यावर करा ते.

पायवरून फाइल येऊन राहिल्या याची खात्री झाली की लगेच नासवर किमान प्रोटोकॉल एसएमबी२ करा आणि त्या स्कॅनच्या फोल्डरचा गेस्ट काढा. या दोन गोष्टी राहिल्या तर बाकीच्या मेहनतीचा काही फायदा नाही.

लिनक्सवेडा

वरच्याला +१. नासवरचे सगळ्यांचे पासवर्डही बदला, पण एसएमबी१ बंद केल्यानंतर, आधी नाही. आणि ऑगस्टमध्ये नासचाच विषय काढा. अपडेट न मिळणाऱ्या बॉक्सवर आज एक त्रुटी झाकली तरी पुढची उघडीच राहणार. एखादा जुना पीसी, त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि त्याच डिस्कचा डेटा कॉपी करून, एवढंही पुरेल. तेव्हा नवीन धागा काढा, डेटा हलवायची पद्धत मी लिहून देईन.